नवव्या चिपचा गुलाल

कुसुंबदऱ्याच्या यात्रा कमिटीत तेरा सभासद होते. त्यांतले नऊ काम करायचे आणि उरलेले चार, ते नऊ काम करतात की नाही यावर नजर ठेवायचे. त्यामुळे २०४० साली वैजयंता हिंगे कमिटीपुढे उभी राहून म्हणाली, "घाटाच्या कंप्युटरला नऊ चिपांची रॅम घ्या; आठ चिपा आकडे लक्षात ठेवतील आणि नववी नुसती त्या आठांवर नजर ठेवील," तेव्हा हा विचार गावाला नवा वाटावा असं काही कारण नव्हतं.

अध्यक्ष सदाशिवराव वाबळे खुर्चीत मागे रेलले. "म्हंजी नववी स्वतः काहीच करनार न्हाई?"

"ती चुका पकडते, आप्पा."

"असले चार हायेत आपल्याकडं. पाचवं कशाला?"

सगळी सभा हसली. ते चौघे सगळ्यांत जोरात हसले.

घाट म्हणजे गावाबाहेरच्या चढावर आखलेली चारशे फुटांची धावपट्टी. गाड्यावर माणूस बसत नाही. बैलांची जोडी एकटीच सुटते आणि गाडा घेऊन चढ चढून जाते. एका जोडीची एक धाव म्हणजे एक बारी, आणि दिवसभरात सगळ्यांत कमी वेळात वर पोचेल ती जोडी घाटाचा राजा. पूर्वी हा वेळ तीन म्हातारे मोजत. तिघांच्या हातात तीन घड्याळं. बारी संपली की तिघांनी आपापला आकडा बोलायचा. दोन जुळतील ते धरायचे, एक चुकेल तो सोडायचा. पन्नास वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग राज्याची शर्यत नोंदवही आली, दोन्ही टोकांना किरणांचे खांब आले, आणि सेकंदाचा हजारावा भाग सांगणारा कंप्युटर आला. तिघा म्हाताऱ्यांना शाल आणि नारळ देऊन निवृत्त करण्यात आलं. ते शाल पांघरून, नारळ फोडून, दुसऱ्या वर्षी पुन्हा त्याच लिंबाखाली घड्याळं घेऊन बसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे उठवायचा प्रश्न आला नाही.

कंप्युटर मात्र वैजूच्या घरी बसला. पंचायतीच्या खोलीत घुशी होत्या आणि वैजूच्या घरी डिप्लोमा होता. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर, तूरडाळ आणि हरभराडाळ यांच्या डब्यांच्या मधोमध त्याला जागा मिळाली.

"हे बघ वैजू," अध्यक्षांनी समजूत काढली होती, "बँकेच्या सर्व्हरला ठीक हाय, दवाखान्याला ठीक हाय. पर ह्यो डाळीच्या डब्यांत बसनारा घरचा कंप्युटर. त्याला पहारेकरी कशाला? तुला काय हितून रॉकेट सोडायचंय?"

"आप्पा, रॅमच्या एकेका कप्प्यात आता मोजून पन्नास-साठ इलेक्ट्रॉन असतात. तेवढ्यावर शून्य का एक ते ठरतं. लांब कुठंतरी तारा फुटतो, त्याचे कण कोट्यवधी वर्षं प्रवास करत येतात, हवेवर आपटतात, त्यांच्या ठिकऱ्या खाली पडतात. एखादी ठिकरी नेमकी कप्प्यात घुसली, तर एकाचं शून्य होतं. कंप्युटर बंद पडत नाही, बोंब मारत नाही. खोटा आकडा खऱ्यासारखा सांगतो."

"कंचा तारा?" सेक्रेटरीने पेन उघडलं.

"त्याला नाव नसतं."

"मंग ठरावात काय लिहू?"

विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेत तो त्याच्या पुढच्या सभेवर गेला. तीन वर्षांत विषयाचा चांगला प्रवास झाला. ताऱ्याच्या कणांइतका नाही, पण कुसुंबदऱ्याच्या मानाने बराच.

ही नववी चिप नेमकं काय करते, हे गावात एकाच बाईला कळलं होतं. ती म्हणजे वैजूची यमुनाआत्या. वैजूने तिला गोठ्यात शेण भरता भरता समजावलं होतं.

"समज, चौसष्ट घरं आहेत. कुणाकडं दिवा लागलाय, कुणाकडं नाही. आणि आठ शेजारणी आहेत. प्रत्येकीनं ठरावीक घरं वाटून घेतलीत. सगळे दिवे कुणीच लक्षात ठेवत नाही. आपल्या वाट्याच्या घरांत लागलेले दिवे सम आहेत का विषम, एवढंच प्रत्येकीनं ध्यानात ठेवायचं. आता एका घरचा दिवा विझला, तर ते घर ज्यांच्या ज्यांच्या वाट्याला आहे त्या शेजारणी ओरडणार."

"आन् कोन कोन वरडलं त्याच्यावरून घर कळनार," आत्या म्हणाली.

"बरोब्बर! आणि घर कळलं की दिवा पुन्हा लावून टाकायचा."

"दोन घरचे इझले तर?"

वैजू खराटा टाकून बघतच राहिली. कॉलेजात हा प्रश्न चाळीस जणांत कुणी विचारला नव्हता. "मग घर कळत नाही. पण काहीतरी बिघडलंय एवढं नक्की कळतं."

"आमच्या आळीत हे पयल्यापासून हाय," आत्या म्हणाली आणि घमेलं उचलून चालू लागली.

यमुनाआत्या अठ्ठावन्न वर्षांची. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून माहेरी. माहेरात तिने तीस वर्षांत अकरा बैल घडवले. सध्याच्या जोडीतला एक वकील, कारण तो दावणीला बांधताना दर वेळी वाद घालायचा. आणि दुसरा तलाठी, कारण तो जागेवर कधी सापडायचा नाही. दोघांना पहाटे नदीच्या वाळूत चालवणं, अंग चोळणं, मटकीचा भरडा, खुरांना तेल, सगळं आत्याच्या हातचं. घाटावर मात्र भोंग्यावर नाव पुकारलं जायचं ते तिच्या भावाचं, म्हणजे वैजूच्या बापाचं. "दत्तात्रय हिंगे यांची बारी!" असा पुकारा झाला की दत्तूभाऊ पन्नास फुटांवर नाकाला रुमाल लावून उभे असायचे. त्यांना बैलाच्या केसांची ॲलर्जी होती. जवळ गेले की शिंका. तीस वर्षं गावातले नामांकित गाडामालक म्हणून त्यांनी बैलाला हात लावलेला नव्हता.

यंदा, २०४३ च्या चैत्रात, फॉर्म वैजूने भरला. मालकाच्या रकान्यात लिहिलं, यमुनाबाई हिंगे. कमिटीत थोडी कुजबुज झाली. पण नियमांत कुठे मालकाला मिशा असाव्यात असं लिहिलेलं नव्हतं. त्या चौघांनी दोनदा तपासून बघितलं.

*

यात्रेच्या दुपारी तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी वकील आणि तलाठी सुटले.

वैजू घाटाच्या माथ्यावर खांबाजवळ होती. तिने खालून धुळीचा लोट उठताना पाहिला, मग लोटाच्या पुढे दोन शिंगं, मग चार. तलाठी आयुष्यात पहिल्यांदा नेमक्या जागेवर होता. दोघांची खुरं एकाच वेळी पडत होती आणि एकाच वेळी उठत होती, मुसळांनी कांडल्यासारखी. जोडी किरण तोडून गेली आणि भोंगेवाल्याने माईक धरला.

भोंगेवाला विठ्ठल काळे हा मन मोठं असलेला माणूस. आकडा सांगण्याआधी तो बैलांची स्तुती करायचा, मग मालकाची, मग मालकाच्या गावाची. मालकीण पहिल्यांदाच मिळाल्यामुळे आज त्याने सावित्री, अहिल्या आणि जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्षा यांनाही घेतलं. हे पाऊण मिनिट चाललं. तेवढा वेळ बारीचा आकडा मांडणीवरच्या कंप्युटरच्या रॅममध्ये, डाळींच्या मधोमध, नाव पुकारायची वाट बघत पडून होता.

"...यमुनाबाई हिंगे! सेकंद अकरा, पाचशे एकतीस!"

सकाळपासून पुढे होते माळवाडीचे सोपान लेंडे, अकरा सेकंद सहाशे अठरा. त्यांचे बैल वादळ आणि तुफान, आणि त्यांच्या टेम्पोवर लिहिलेलं, 'नाद करायचा नाय'. एका बाईने नाद केला होता. मग जो गलका उठला, त्याने लिंबावरचे कावळे शेजारच्या गावात गेले. टोप्या उडाल्या. हलगी कडाडली. विठ्ठलने यमुनाबाई हिंगे हे नाव नऊ वेळा पुकारलं. अजून बाऱ्या बाकी होत्या, पण अकरा पाचशे एकतीसच्या खाली कुणी जाणार नाही हे उघड होतं. सूर्यास्ताला, सहा बावन्नला, निकालावर नोंदवहीची मोहर बसायची, आणि एकदा बसली की ब्रह्मदेवालाही अर्ज करता येत नव्हता. त्याच वेळी राजाला गुलाल लागायचा.

वैजूही ओरडत होती. तेवढ्यात कुणीतरी तिचा दंड धरला.

ते सावळेराम नाना होते, तिघा घड्याळवाल्यांतले थोरले. वय ब्याऐंशी.

"पोरी, एक इचारू? कुनाला सांगू नगंस."

"विचारा की नाना."

"मानसाचा अंगठा म्हातारा व्हतो का गं?" त्यांनी घड्याळ पुढे केलं. काटा बारा सेकंदांच्या किंचित पुढे थांबला होता. "पन्नास वर्सांत कधी दीड दशांशाच्या वर चुकलो न्हाई. आज अर्धा सेकंद चुकलो. त्या दोघांचं बी तेच. आमी काय बोललो न्हाई. आनंदाच्या वक्ताला म्हाताऱ्यांनी खोकू न्हाई."

वैजूने दुसऱ्या दोघांकडे पाहिलं. ते लिंबाखाली आपापल्या अंगठ्यांकडे बघत बसले होते.

तीन घड्याळं. तीन बारा. वैजू घराकडे धावली.

*

खांबांची एक बरी सवय होती. बैल कधी सुटला आणि कधी पोचला, हे ते स्वतः डिस्कवर वेगळं टिपून ठेवत. ते कुणी उघडून बघत नसे, कारण उत्तर आयतं मिळत असताना गणित कोण करणार?

वैजूने डाळीचा डबा बाजूला सरकवला आणि गणित केलं. सुटले तीन बेचाळीस सतरा, दोनशे आठ. पोचले तीन बेचाळीस एकोणतीस, दोनशे एकावन्न. वजाबाकी, बारा सेकंद त्रेचाळीस हजारांश. तिने पाठकोऱ्या कागदावर दोन्ही आकडे कंप्युटरच्या भाषेत, एकाखाली एक लिहिले.

१०११११००००१०११
१०११०१००००१०११

डावीकडून पाचवा. वर एक, खाली शून्य. त्या जागेची किंमत पाचशे बारा. बाकी सगळे जिथल्या तिथे. बिघाड असा नेटका कधी नसतो. नेटकी असते ती एकच गोष्ट, उलटलेला एक कप्पा. कधीतरी, माणूस नावाचा प्राणी झाडावरही नव्हता तेव्हा, एक तारा फुटला होता, आणि त्याची ठिकरी कुठेही न अडकता, विठ्ठल काळे माजी अध्यक्षांवर बोलत असताना, वैजूच्या स्वयंपाकघरात पडली होती.

तिला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायला लाज वाटेल असं होतं. तिला आनंद झाला. तीन वर्षं! तीन वर्षं हसले होते. आता हा कागद कमिटीच्या टेबलावर आपटायचा आणि गप्प उभं राहायचं. ती उठलीसुद्धा.

मग ती खाली बसली. कारण हा पाचवा आकडा ज्या बारीचा होता, ती बारी आत्याची होती. बारा त्रेचाळीस म्हणजे चौथा नंबर. चौथ्याला गुलाल नसतो. चौथ्याला 'उत्तेजनार्थ' असं लिहिलेली पाण्याची बाटली असते.

दारातून तिचे वडील आत आले. डोळे लाल, नाक लाल, रुमाल भिजलेला.

"बैलांजवळ गेला होता का, भाऊ?"

"गळ्यात पडलो वकिलाच्या," दत्तूभाऊ म्हणाले आणि पाच वेळा शिंकले. "तीस वर्सं माझं नाव घेऊन पळली जनावरं. आज आक्काचं नाव ऐकलं... तुला सांगतो वैजे, माझं पुकारायचे तवा मला कधी काय वाटलं न्हाई. आज वाटलं. चल की, मिरवणूक काढत्यात."

"तुम्ही व्हा पुढं," वैजू म्हणाली.

तिने कागदाची घडी घातली. कागद फाडायला तीन सेकंद लागले असते. कुणाला कळलं नसतं. नानांना वाटलं असतं अंगठा म्हातारा झाला, आणि ब्याऐंशीव्या वर्षी तसं वाटण्यात वावगं ते काय! एवढंच की, मग तीही कंप्युटरसारखीच, बोंब न मारता खोटा आकडा खऱ्यासारखा सांगत राहणार होती.

सव्वापाच वाजले होते.

*

कमिटीने कागद हातोहात फिरवला. उलटा धरूनही पाहिला.

"म्हंजी तारा फुटला," अध्यक्ष म्हणाले, "आन् कोट्यवधी वर्सं चालत येऊन यमुनाबाईंच्या बाजूनं पडला?"

"बाजूनं असं नाही, आप्पा. कुठंही पडला असता."

"पर पडला कुठं? कुसुंबदऱ्यात. माळवाडीत का न्हाई पडला?" अध्यक्षांनी सभासदांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना हलवल्या. "ह्याला कौल म्हनत्यात, पोरी."

"आप्पा, खरा राजा सोपान लेंडे आहेत."

सोपान लेंड्यांना बोलावण्यात आलं. ते टेम्पोच्या फळीवर बसून भेळ खात होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, हात पुसले आणि ठाम नकार दिला.

"मला जमनार न्हाई."

"अहो, तुम्ही जिंकलाय!"

"ताई, दीड तासापूर्वी मी गावी फोन केलाय. सांगितलं, अशा बैलांकडनं हरलो की राज्यात जोड न्हाई. लोक म्हनले, शाब्बास, हरावं तर असं. आता परत फोन करून सांगू का, की बैल साधेच व्हते, तारा भारी व्हता?"

वैजूला क्षणभर वाटलं, आपणच चुकतोय. जिंकलेला जिंकायला तयार नाही, हरलेलं गाव नाचतंय आणि ज्यांची चूक ते तिला कौल म्हणतायत. एवढं सगळ्यांचं भलं करणारी चूक दुरुस्त करायला फारच निबर माणूस लागतो.

"आन् हे बघ," सेक्रेटरीने नियमांचं पुस्तक उघडलं. "निकालावर हरकत फकस्त मालकाला घेता येती. लेंडे घेत न्हाईत. तू मालक न्हाईस."

"आणि ज्यांचा आकडा, त्या मालकानं घेतली तर?"

"स्वतःच्याच विरुद्ध?" सेक्रेटरीने पान उलटलं. बराच वेळ शोधलं. "नको असं कुठं लिहिलेलं न्हाई. कुनाला सुचलंच नसंल."

*

आत्या हौदावर होती. मिरवणूक तिला शोधत वेशीकडे गेली होती आणि ती इथे तलाठ्याच्या पायांवर पाणी मारत होती. वकील पाणी पिताना हौदाच्या काठाशी वाद घालत होता.

वैजूने कागदाची घडी उघडली नाही. पाठ असल्यासारखं सगळं सांगून टाकलं. तारा, पाचवा आकडा, तीन घड्याळं, नियमाचं पुस्तक. "तू हरकत घेतलीस तरच, आत्या. नाहीतर राहू दे. मी परत कधी काढणार नाही." शेवटचं वाक्य खोटं होतं, आणि दोघींना ते माहीत होतं.

आत्याने बादली खाली ठेवली. वैजूला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल.

"किती म्हनलीस? खरं?"

"बारा सेकंद त्रेचाळीस हजारांश."

"गेल्या मयन्यात किती व्हते?"

"बारा चारशे दहा."

आत्याचं तोंड हळूहळू तांबडं झालं. "म्हंजी मयन्याभरात साडेतीनशेनं उतरले. वाळूत चालवलं, पहाटंचं. ह्या तलाठ्याला सरळ रेषेत आनायला माझी कंबार मोडली. त्यानं आज जल्मात पळला न्हाई असा पळ काढला." तिने बोट घाटाकडे रोखलं. "आन् त्यो कुठंच लिहिलेला न्हाई?"

"नाही. तिथं अकरा पाचशे एकतीस आहे."

"त्यो कुनाचा पळ हाय?"

"कुणाचाच नाही."

"कुनाचाच न्हाई त्यो माझ्या नावावर, आन् माझ्या बैलांचा हाय त्यो पुसला! आगं, हे कसलं जिंकनं? तीस वर्सं मी राबले आन् नाव दत्तूचं लागलं. आता वकील-तलाठी राबले आन् नाव त्या मुडद्या ताऱ्याचं?" तिने पदर खोचला. "कुठं हाय त्यो माईक?"

सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

*

यात्रेच्या इतिहासात भोंग्यावरून असा पुकारा झाला नव्हता. विठ्ठलने तो दोनदा वाचून पाहिला, मग छाती भरून घेतली.

"हरकत! मालक यमुनाबाई हिंगे यांची... यमुनाबाई हिंगे यांच्याविरुद्ध!"

आत्याने माईक ओढून घेतला. तिला माईक कसा धरायचा ते माहीत नव्हतं, म्हणून तिने तो वेसणीसारखा धरला.

"माझे बैल अकरा पाचशेमधी पळले न्हाईत," ती म्हणाली. "नाना, तुमचं घड्याळ सांगा."

लिंबाखालून सावळेराम नाना उठले. तीन वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "बारा, शून्य दोन!" ते ओरडले. दुसरे म्हणाले, "बारा, शून्य पाच!" तिसरे म्हणाले, "अकरा, नव्वद!" आणि सवयीने नानांनीच निवाडा दिला, "दोन जुळले, येक सोडा!"

"आन् माझी भाची मशीनकडून हजाराव्या भागापत्तुर आनते. बारा, त्रेचाळीस. त्येच लिहा." आत्याचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "ह्ये माझ्या वकील-तलाठ्याच्या जल्मातलं सगळ्यांत चांगलं हाय. चौथ्या नंबराचं हाय. आन् माझ्या नावावर हाय. ह्याच्यातला येक हजारावा भाग बी कुनी घेऊ नका आन् घालू नका!"

सहा एकोणपन्नासला वैजूने आकडा बदलला. सहा बावन्नला मोहर बसली. विठ्ठलने निकाल वाचला आणि चौथ्या नंबराला आला, "यमुनाबाई हिंगे, सेकंद बारा, त्रेचाळीस हजारांश!" तेव्हा पहिल्या टोपीने हवेत उडी घेतली. मग हलगी. मग सगळा घाट. चौथ्या नंबरासाठी एवढा गलका त्या तालुक्यात तरी कधी झालेला नव्हता. दत्तूभाऊ पन्नास फुटांवरून शिंकत टाळ्या वाजवत होते. सोपान लेंड्यांना गुलाल लागला, तो त्यांनी पडलेल्या चेहऱ्याने लावून घेतला, मग सरळ चालत जाऊन त्यातली मूठभर वकिलाच्या कपाळावर फासली आणि म्हणाले, "आता गावी काय फोन करू ते तुमीच सांगा, आक्का." वकिलाने त्यांच्याशीही वाद घातला.

कमिटीची सभा त्याच मांडवात भरली. नवव्या चिपचा ठराव अर्ध्या मिनिटात पास झाला. सूचक अध्यक्ष. अनुमोदन त्या चौघांचं, एकमुखाने. आपल्या कामाचं मोल जगाने ओळखलं, अशी भावना त्यांच्या तोंडावर स्पष्ट होती. दुसरा ठराव असा झाला की तिन्ही घड्याळवाल्यांची निवृत्ती रद्द समजावी. त्यांच्या शाली परत मागू नयेत, अशी उपसूचना आली.

*

पुढच्या वर्षीच्या यात्रेत काहीच घडलं नाही.

एकशे चौदा बाऱ्या झाल्या. वकील-तलाठी अकरा आठशे दोनमध्ये पळून दुसरे आले. नानांच्या अंगठ्याचं आणि मशीनचं सगळीकडे जुळलं. मोहर बसल्यावर वैजू घरी येऊन कंप्युटरची रोजनिशी वाचत बसली. रोजनिशी कंटाळवाणी होती. फक्त एका ओळीपाशी ती थांबली.

चार सतरा. एक चूक आढळली. दुरुस्त केली.

तिने वेळ ताडून बघितली. ती बारी बोरदऱ्याच्या कुणा किसन भालेकरांची होती. त्यांची जोडी शेवटून तिसरी आली होती. त्या माणसाला कधीच कळणार नव्हतं की चार सतरा वाजता आकाशातून काहीतरी येऊन त्याच्या बैलांचा पळ खाऊन टाकणार होतं, आणि टाकला नाही. तो आत्ता टेम्पोत बसून बैलांना शिव्या घालत घरी चालला असेल. आपल्याच बैलांना, त्यांच्याच आकड्यावरून.

वैजूची मान आपोआप ताठ झाली. बघायला कुणी नव्हतं, तरी झाली.

आत्या हातपाय धुऊन आत आली. हातात गुलालाची वाटी होती; दुसऱ्या नंबरालाही लावायचा असं यंदापासून ठरलं होतं. वैजूने तिला ओळ वाचून दाखवली.

"कुनी केली दुरुस्त?"

"नवव्या चिपनं."

"आन् भोंग्यावर तिचं नाव?"

"चिपचं कोण पुकारणार, आत्या?"

आत्याने मांडणीवरचे दोन्ही डाळींचे डबे उतरवले. "उघड ते. कुठं हाय ती बघू."

"गुलाल आत नको हं! पंख्यात जाईल, सगळं..."

"उघड म्हनते ना."

वैजूने मशीन बंद केलं, झाकण काढलं. हिरव्या पट्टीवर नऊ काळे चौकोन, एका रांगेत. आठ इकडे-तिकडे, आणि मधोमध एक, अगदी तसाच. आत्याने करंगळी गुलालात टेकवली, झटकली, आणि बैलाच्या कपाळाला लावतात तितक्या बेताने त्या मधल्या चौकोनावर एक ठिपका लावला.

"पुकार आता," ती म्हणाली.

"आत्या, इथं कोण आहे ऐकायला?"

"मी हाय की. मला अठ्ठावन्न वर्सं लागली. हिला कशाला लावायची?"

वैजूने दाराकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या पंचपात्रातली पळी उचलून तोंडापुढे धरली, आणि विठ्ठल काळेसारखी छाती भरून ओरडली, "बारी नववी चिप! मुक्काम कुसुंबदरे! चूक एक... दुरुस्त एक!"

बाहेर ओट्यावर दत्तूभाऊ तीनदा शिंकले. आत्या म्हणाली, "बघ, शिंक आली. खरं हाय ते."